ढिली चौकट, ढिले कोडे : मराठी शब्दकोड्याची एक चिकित्सा

मराठी माणूस वर्तमानपत्रात सर्वांत लक्षपूर्वक काय वाचतो, असे विचारले तर 'अग्रलेख' असे उत्तर देणे सभ्यपणाचे होईल. पण हातात पेन घेऊन, अक्षर न् अक्षर तपासत, न उमगलेल्या ओळीकडे तीन-तीनदा परतत तो वाचतो ते शब्दकोडे. इतक्या निष्ठेने, रोजच्या रोज वाचला जाणारा दुसरा मराठी मजकूर दाखवणे कठीण आहे. तरीही आपली समीक्षा त्याच्याकडे फिरकत नाही. राशिभविष्याच्या शेजारी छापले जाते म्हणून त्याची पतही राशिभविष्याइतकीच, असे आपण धरून चाललो आहोत.

मी कुठल्या विद्यापीठात शिकवत नाही. वीसेक वर्षे मराठी दैनिकांतली आणि साप्ताहिकांतली कोडी कापून वह्यांत चिकटवत आले, समासात शेरे लिहीत आले, आणि गेली काही वर्षे नऊ-दहा जणांच्या सोबतीने रोज सकाळी एक कोडे सोडवत आले. या वह्यांतून आणि या सोबतीतून जे हाती लागले ते इथे मांडते. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठी शब्दकोड्याने चौकट इंग्रजीकडून घेतली, पण आपल्या लिपीत ती ढिली पडते हे लक्षात घेतले नाही. जिथे चौकट ढिली, तिथे प्रश्न घट्ट असावा लागतो. आपण प्रश्नही ढिलाच ठेवला.

साचा कुठून आला

आर्थर विन याचे पहिले कोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. आकार हिऱ्यासारखा आणि नाव 'वर्ड-क्रॉस'. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशनाने कोड्यांचे पहिले पुस्तक काढले आणि अमेरिकेत त्याची साथच पसरली. लंडनचा 'टाइम्स' १ फेब्रुवारी १९३० पासून कोडे छापू लागला, 'न्यूयॉर्क टाइम्स' बराच उशिरा, १५ फेब्रुवारी १९४२ पासून.

या प्रवासात इंग्रजी कोड्याच्या दोन शाखा झाल्या, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अमेरिकी चौकटीत प्रत्येक पांढरे घर आडव्या शब्दातही असते आणि उभ्या शब्दातही. एखादा प्रश्न मुळीच समजला नाही, तरी सगळे उभे शब्द सुटले की आडवा आपोआप भरतो. चौकट इतकी घट्ट असल्यामुळे प्रश्न सैल असला तरी चालतो. नुसता समानार्थी शब्द दिला तरी पुरते. ब्रिटिश चौकटीत मात्र काळी घरे जास्त असतात आणि शब्दाची साधारण निम्मीच अक्षरे दुसऱ्या शब्दाने छेदली जातात. ही उणीव तिथल्या रचनाकारांनी प्रश्नातून भरून काढली. त्यांच्या प्रश्नात उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक अर्थाची, दुसरी शब्दखेळाची. दोन्ही एकाच उत्तरापाशी भेटल्या की सोडवणाऱ्याला दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. उत्तर बरोबर आहे हे त्याला तिथल्या तिथे कळते.

म्हणजे घट्ट चौकट आणि सैल प्रश्न, किंवा सैल चौकट आणि घट्ट प्रश्न. दोन्ही व्यवहार सचोटीचे आहेत. आता मराठीकडे येऊ.

एका घरात किती मावते

इंग्रजी चौकटीत एका घरात एक वर्ण बसतो आणि वर्ण एकूण २६. मराठीत एका घरात वर्ण नव्हे, अक्षर बसते : व्यंजन, त्याची मात्रा, असेल तर अनुस्वार, आणि जोडाक्षर असेल तर दोन-तीन व्यंजने एकदम. क्ष आणि ज्ञ धरून ३६ व्यंजनांना बाराखडीने गुणले तर ४३२ अक्षरे होतात. त्यांत स्वर आणि जोडाक्षरे आलेलीच नाहीत. 'स्वातंत्र्य' हा शब्द उच्चारायला केवढा, पण चौकटीत त्याला तीनच घरे लागतात : स्वा, तं, त्र्य. आता 'त्र्य'ने सुरू होणारा उभा शब्द शोधा. 'त्र्यंबक' आठवेल, पण त्यात अनुस्वार आहे, म्हणून तोही बाद.

मात्रांचा जाच याहून रोजचा आहे. 'कवी' आडवा लिहिला आणि त्याच्या दुसऱ्या घरातून 'विनोद' खाली सोडायचा म्हटले तर जमत नाही, कारण वी आणि वि वेगळे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते १८ झाले. त्यांनुसार एकटा 'कवी' दीर्घ, पण 'कविता' आणि 'कविमन' ऱ्हस्व. 'फूल' दीर्घ, पण 'फुलपाखरू' ऱ्हस्व. आपल्या कानाला हा फरक बोलताना जेमतेम जाणवतो. चौकटीला मात्र तो भिंतीसारखा आडवा येतो. रफाराचेही तसेच : 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत शिक्षक आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे आणि ते सगळे एका घरात मावलेले आहे.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ४३२ पैकी एक अक्षर हाती लागणे हे २६ पैकी एक वर्ण हाती लागण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. एक 'भा' मिळाला तर तो इंग्रजी वर्णापेक्षा खूप अधिक सांगून जातो. अडचण अशी की 'भा' मिळत नाही. रचनाकाराला दोन शब्दांचा छेद जुळवायचा असतो आणि जुळायला सोपी असतात ती बिनमात्रेची, साधी अक्षरे : र, क, न, ल, त, ज. त्यामुळे छेद तिथेच पडतात. मात्रा लागलेली, जोडलेली, म्हणजे खरी ओळख पटवणारी अक्षरे एकटी उभी राहतात. माझ्या वह्यांत हे पुन:पुन्हा दिसते. चौकट आपल्याला जे देते ते आधीच ठाऊक असलेले असते आणि जे हवे असते ते ती झाकून ठेवते.

पाण्याची तीन कुळे

अशा चौकटीत प्रश्न काय असतो? बहुतेक वेळा एकच शब्द. 'सूर्य (४)'. कंसातला आकडा अक्षरांचा. आता उत्तरे पाहा : दिनकर, दिवाकर, प्रभाकर. तिन्ही चार अक्षरी, तिन्ही बिनचूक आणि तिन्ही 'कर'मध्ये संपणारी. तिसऱ्या आणि चौथ्या घरात छेद असून काही उपयोग नाही. पहिल्या घरात 'दि' मिळाला तर फक्त प्रभाकर वगळला जातो. निवाडा करणारे घर एकच, दुसरे. तिथे न, वा, भा यांपैकी काय आहे ते कळले तरच उत्तर ठरते. नेमके तेच घर मोकळे सोडलेले असेल, तर सोडवणाऱ्याने काय करावे?

हा अपवाद नाही. संस्कृतातून आपल्याकडे आलेल्या पर्यायी शब्दांची घडणच अशी आहे. पाण्याला जल, नीर, अंबु, वारि असे दोन अक्षरी शब्द आहेत. त्यांना 'ज' जोडला की कमळ होते : जलज, नीरज, अंबुज, वारिज. 'द' जोडला की ढग : जलद, नीरद, अंबुद, वारिद. 'धी' जोडला की समुद्र : जलधी, अंबुधी, वारिधी. ही तीन कुळे एकाच पाण्यावर वाढलेली आहेत. 'कमळ (३)' असा प्रश्न विचारून शेवटच्या घरात 'ज' मिळवून देणे म्हणजे देणाऱ्याने काहीच न देणे. पंकज आणि सरोज तर अजून रांगेत उभेच आहेत.

समानार्थी शब्दांवर चालणाऱ्या प्रश्नाचा दुसरा परिणाम भाषेवर होतो. रचनाकाराला अडलेल्या घरात बसणारा शब्द हवा असतो आणि कोशात पर्याय सर्वांत जास्त असतात ते सूर्य, कमळ, ढग, समुद्र, हत्ती, राजा यांनाच. त्यामुळे एक स्वतंत्र 'कोड्यातली मराठी' तयार झाली आहे. तिच्यात वारिद आहे, पण वळीव क्वचित आहे. अंबुज आहे, पण आंबोली नाही. ही मराठी कोणी बोलत नाही, ती फक्त भरली जाते. सोडवणारा मुरला की भाषा वापरत नाही, यादी आठवतो. कोडे कठीण की सोपे याचा या तक्रारीशी संबंध नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटे भाषेशी खेळण्याची संधी यादीच्या उजळणीत जाते, हे माझे दुखणे आहे.

बंद पाकिटातले उत्तर

दोन बरोबर उत्तरांपैकी एक निवडावे लागणे याला काय म्हणायचे, हा प्रश्न आपल्याकडे एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मोठ्या बक्षिसांच्या कोड्यांनी मुंबई इलाख्यात धुमाकूळ घातला होता. चमारबागवाला यांची आर.एम.डी.सी. शब्दकोडी बेंगळुरूहून छापल्या जाणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार'मधून इकडे येत. त्यांच्यावर कर लावावा म्हणून मुंबई सरकारने १९४८च्या आपल्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती केली. १९५५ मध्ये केंद्राचा बक्षीस स्पर्धा कायदा आला आणि महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसाच्या स्पर्धांना बंदी झाली. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने या दोन्ही प्रकरणांचा निकाल दिला.

त्या निकालातला मला मोलाचा वाटलेला मुद्दा करांचा नाही. कोडे हा कौशल्याचा खेळ केव्हा आणि जुगार केव्हा, हे तिथे ठरवावे लागले. आयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी स्पर्धकाचे उत्तर जुळणे एवढीच जिंकण्याची कसोटी असेल, तर ते जुळणे हा योगायोग, कौशल्य नव्हे, अशा आशयाचा तो विचार आहे. म्हणजे उत्तर बरोबर असून भागत नाही, ते पाकिटातले असावे लागते.

आपल्या आजच्या दैनिक कोड्यांत पैसा नाही, म्हणून कायद्याचा प्रश्न येत नाही. पण 'सूर्य (४)' पुढे दिनकर लिहावा की दिवाकर, हा निर्णय सोडवणारा ज्ञानाने घेत नाही, अंदाजाने घेतो. 'कालच्या कोड्याचे उत्तर' म्हणजे त्याच्यापुरते ते पाकीटच. न्यायालयाची ही कसोटी मी समीक्षेची कसोटी म्हणून उचलते : ज्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला स्वतःला पटवून घेता येत नाही, तो प्रश्न अपुरा आहे.

आपल्याकडे होतेच की

यावर कोणी म्हणेल, ब्रिटिश पद्धतीचा शब्दखेळ मराठीला परका आहे. मला उलट वाटते. परकी आहे ती चौकट. शब्दखेळ आपलाच आहे. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला पहिला 'समागता' : पदे एकमेकांना जोडली गेल्यामुळे जिथे अर्थ लपतो ती. दुसरा 'वंचिता' : शब्दाचा रूढ अर्थ पुढे करून जिथे दुसऱ्याच अर्थाने चकवले जाते ती. विश्वनाथाने पुढे 'साहित्यदर्पणा'त प्रहेलिका रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकारांच्या पंक्तीतून उठवले, तरी अंतर्लापिका, म्हणजे उत्तर स्वतःच्याच पोटात बाळगणारे कोडे, पंडितांच्या करमणुकीत टिकून राहिले. मराठीत मोरोपंतांनी रामायणावर असे कितीतरी खेळ केले. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य, म्हणजे ज्या रामायणात 'राम' हे नावच लिहिता येत नाही असे रामायण! आणि गावोगाव बायकांनी सांभाळलेले उखाणे आणि हुमणे तर उत्तराची खूण प्रश्नातच ठेवण्याच्या कसबावरच जगतात.

या वारशातून आजच्या चौकटीसाठी प्रश्न करता येतात का, हे पाहण्यासाठी मी काही करून पाहिले. 'सूर्य (४)' ऐवजी असे विचारा : 'दिवा लावून कर जोडले की सूर्य उगवतो (४)'. दिवा आणि कर जोडा, दिवाकर. दिनकर आणि प्रभाकर आपोआप बाहेर. एकही छेद नसला तरी चालेल. ही दंडीची समागता आहे. 'उलटी वाहिली की दरिद्री होते (२)' : नदी, उलटून दीन. 'पसा उलटला आणि वळवळत निघाला (२)' : साप. इथे मराठी अक्षराचा गुण दिसतो. इंग्रजीत शब्द उलटताना वर्ण सुटे करावे लागतात आणि उच्चार मोडतो. आपल्याकडे मात्रा अक्षराला घट्ट धरून राहते, म्हणून 'पसा'चा 'साप' होताना 'सा' हलत नाही, नुसता जागा बदलतो. चौकटीत जो दोष, तोच प्रश्नात गुण होतो.

सोबतीचा छेद

आता त्या नऊ-दहा जणांविषयी. आम्ही कधी एकत्र भेटलेलो नाही. सकाळी प्रत्येकाच्या फोनवर त्याच कोड्याचे चित्र येते. नियम दोनच : दहा वाजेपर्यंत उत्तर सांगायचे नाही, आणि अडलेल्याला खूण द्यायची ती उत्तर हिसकावून न घेता. जोश वॉर्डल याचा 'वर्डल' हा खेळ २०२१ च्या अखेरीस जगभर पसरला, तो मला याच कारणाने समजतो. रोज सर्वांना एकच पाच वर्णांचा शब्द, सहा प्रयत्न, आणि मित्रांना दाखवायला नुसते रंगीत चौकोन. मी कशी पोचले ते कळते, कुठे पोचले ते कळत नाही. दंडीनेही प्रहेलिकेचा पहिला उपयोग सांगितला तो क्रीडागोष्ठीतल्या विनोदाचा. कोडे एकट्याने सोडवले तरी ते मुळात मंडळींचे असते.

या मंडळींनी मला जे शिकवले ते माझ्या वह्यांत नव्हते. एका दैनिकात 'उन्हाळ्यातले पाणीदार फळ (४)' असा प्रश्न आला. उत्तर कलिंगड. अकोल्याच्या काकांनी टरबूज भरले होते. क-लिं-ग-ड चार, ट-र-बू-ज चार. एकही अक्षर समान नाही, आणि छेद पडला होता तो अशा शब्दाशी, जो आम्हा कोणालाच सुटला नव्हता. "ताई, बाजारात तुमचं कलिंगड मागितलं तरी कळतं लोकांना," काका म्हणाले, "पण घरी आम्ही कापतो ते टरबूजच." बडोद्याच्या काकूंनी त्यांच्याकडचे 'तरबूच' पुढे केले. आणखी एकदा 'मीठ-तिखट लावून खायचे फळ (२)' आले. कोणी पेरू म्हणाले, काका जाम म्हणाले, आणि दापोलीच्या गुरुजींनी सांगितले की त्यांच्याकडे जाम म्हणजे पेरू नव्हेच, ते वेगळेच फळ. दोन घरांत तीन जिल्हे बसत होते. उत्तरपत्रिकेत एकच बसले.

आमच्या गटात तेव्हापासून एक वही आहे, 'हेही चालेल' नावाची. तिच्यात अशी दुसरी उत्तरे नोंदवली जातात. एखादे उत्तर छापील उत्तराशी जुळले नाही, पण अर्थाने आणि अक्षरसंख्येने खरे असले, तर त्याची नोंद होते. चौकटीत जो छेद कमी पडतो तो इथे माणसे पुरवतात. एका गावचा शब्द दुसऱ्या गावच्या शब्दाला छेदून जातो. शब्दकोड्याच्या सोबतीत मला आनंद का वाटतो, याचे मला सापडलेले कारण हे आहे.

पण सोबतीने रचनाकाराची जबाबदारी संपत नाही. घट्ट प्रश्न असता तर काकांवर ती वेळ आलीच नसती. 'शेवटी गड लागतो, आत सगळे लाल (४)' असे विचारले असते तर अकोल्यातही कलिंगडच सुटले असते. आणि उलट, 'आधी टर उडवली तरी आतून गोड (४)' असे विचारले तर पुण्या-मुंबईतही टरबूजच सुटेल. याहून पुढे जाऊन पाहा : 'इडलीसोबत वाटीत, नागपुरात जुडीत (३)'. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे ज्याला ठाऊक नाही, तोही इडलीच्या वाटेने उत्तरापर्यंत पोचतो, आणि पोचल्यावर त्याला तो शब्द कळतो. ही दंडीची वंचिता, पण इथे चकवल्यानंतर हाती काही देणारी.

समानार्थी प्रश्नात बोलीतला शब्द घालणे अन्यायाचे ठरते. ज्याला ठाऊक नाही तो अडतोच. म्हणून सावध रचनाकार अशा शब्दांच्या वाटेला जात नाही आणि पुन्हा वारिद-अंबुजकडे वळतो. दोन वाटांचा प्रश्न मात्र अनोळखी शब्दही न्यायाने विचारू शकतो. प्रमाण मराठीच्या चौकटीत वऱ्हाड, खानदेश, कोकण, मराठवाडा यांना बसवायचे तर अनुदान लागत नाही, परिसंवाद लागत नाही. घट्ट प्रश्न लागतो.

रचनाकारांकडे म्हणून तीन मागण्या. रोजच्या कोड्यात निदान पाच प्रश्न असे द्या की ज्यांचे उत्तर बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला लिहितानाच कळेल. आठवड्यातून एक तरी शब्द असा घ्या जो तुमच्या स्वतःच्या घरात बोलला जात नाही. आणि 'कालच्या कोड्याचे उत्तर' या चौकोनाखाली एक ओळ मोकळी ठेवा. तिथे काय छापायचे ते वाचक कळवतील. अकोल्याहून पहिले पत्र येईल, याची खात्री मी देते.